विसण कोणी घालायचं?

लेकरू कढत पाण्यानं भाजलं की गावात पहिला प्रश्न कोणता विचारला जातो? पाणी किती तापलं होतं, हा नाही. बादली कुणी आणि कुठं ठेवली होती, हाही नाही. पहिला प्रश्न असतो, "माय, ध्यान कुठं व्हतं तुहं?" सासू विचारते, नवरा विचारतो, शेजारपाजारचे विचारतात, दवाखान्यात केसपेपर लिहिणाराही विचारतो. आणि ती आई स्वतःलाही तोच प्रश्न विचारत राहते, पुढची वीस वर्षं, लेकराच्या मांडीवरचा आवळलेला डाग नजरेस पडेल तेव्हा तेव्हा.

हा प्रश्नच चुकीचा आहे, असं आमचं म्हणणं आहे. आणि तो चुकीचा असूनही इतक्या सहजपणे विचारला जातो, याचं कारण पाण्यात नाही, घराच्या रचनेत आहे.

ध्यान म्हणजे काय, ते आधी पाहू. परभणीहून झिरो फाटा, हट्टा करत औंढ्याकडे निघालं की जवळा बाजार लागतं. बाजाराचं गाव. हळद, सोयाबीन, कापूस, अडतीची दुकानं, आजूबाजूच्या खेड्यांतून येणाऱ्या बायका. इथल्या कुठल्याही साध्या घरातली जानेवारीची सकाळ घ्या. पारा एक आकडी. साडेपाचला चूल पेटते. तुऱ्हाट्या-पऱ्हाट्या घालून हंडा चढतो, किंवा बादलीत रॉड सोडला जातो. त्याच दोन तासांत भाकरी थापायच्या, दूध काढायचं, शेण काढायचं, डबा भरायचा, पोरीची वेणी घालायची, नळाला पाणी आलं असेल तर ते भरायचं, आणि काढणीचे दिवस असतील तर आठच्या आत रानात पोचायचं. मधूनच आतून हाक येते, "पाणी काढलं का?" पाणी काढायचं म्हणजे कढत पाण्याची बादली उचलून न्हाणीत न्यायची, त्यात गार पाणी ओतायचं, हात घालून बघायचं, टॉवेल ठेवायचा आणि बाजूला व्हायचं. आधी सासरा, मग नवरा, मग शाळेची पोरं. हंड्याच्या तळाशी कोमट-गार उरेल ते तिचं.

या सगळ्यात पाण्याच्या उष्णतेची जबाबदारी कुणावर, हे कुणी कधी बोलून ठरवलेलं नाही. पाणी जास्त झालं तर ती बोलणी खाते, कमी झालं तरी तीच खाते. यंत्राच्या भाषेत ज्याला थर्मोस्टॅट म्हणतात, म्हणजे ठरावीक अंशाला उष्णता थांबवणारा पुर्जा, तो आपल्या घरांत बाईच्या हाताचा आणि कोपराचा केलेला आहे. तो पुर्जा विकत आणावा लागत नाही, बिघडला तर दुरुस्त करावा लागत नाही, त्याला फक्त रागवायचं. आणि हा पुर्जा एकाच वेळी भाकऱ्याही थापत असतो.

आता पाण्याकडे वळू. कढत, ऊन, कोमट, सोसवेल असं: आपल्याकडे पाण्याला शब्द पुष्कळ आहेत, पण आकडा नाही. आकडा कळला की प्रश्न कसा बदलतो बघा. १९४७ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघांनी डुकरांच्या कातडीवर आणि राजीखुशीनं आलेल्या माणसांवर प्रयोग करून किती अंशाच्या उष्णतेला कातडी किती वेळ टिकते याचं गणित मांडलं. पुढची सगळी कोष्टकं त्यावर उभी आहेत. मोठ्या माणसाची कातडी ४९ अंशांच्या पाण्यात खोलवर भाजायला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागतो. ५४ अंशांना साधारण अर्धं मिनिट. ६० अंशांना पाच सेकंद. ६६ ला दीड-दोन सेकंद. ७० ला एक सेकंद किंवा त्याहूनही कमी. लहान मुलांची आणि म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ, त्यांना याहूनही कमी वेळ लागतो.

हे आकडे दोनदा वाचा. ४९ आणि ६० यांत फक्त अकरा अंशांचा फरक आहे, पण वेळ पाच मिनिटांवरून पाच सेकंदांवर येते. पाच मिनिटांत लेकरू रडतं, आई भाकरी तव्यावर टाकून धावते, त्याला उचलते. पाच सेकंदांत ती वळूनही बघू शकत नाही. मग तिचं ध्यान कुठं होतं, हा प्रश्न कुठल्या तोंडानं विचारायचा? पाणी ४९ अंशांचं असतं तर तिचं ध्यान नसूनही लेकरू वाचलं असतं. पाणी ७० अंशांचं असेल तर जगातली सगळ्यात दक्ष आई शेजारी बसलेली असली तरी लेकरू भाजणार. बेजबाबदार आई आणि जबाबदार आई यांतला फरक अकरा अंशांचा आहे, आणि ते अंश ठरवणं तिच्या हातात कुणी दिलेलं नाही.

आपल्या भाषेतला एक शब्द इथं तपासायला हवा. विसण. कढत पाण्यात घालायचं गार पाणी म्हणजे विसण. हा शब्दच सांगतो की आधी बादलीत कढत पाणी येतं आणि मग त्यात गार पडतं. पिढ्यान्‌पिढ्या आपण असंच करतो. कढत पाण्याची बादली न्हाणीत ठेवायची आणि विसण आणायला रांजणाकडे जायचं. त्या अर्ध्या मिनिटात, जमिनीवर, लेकराच्या कमरेइतक्या उंचीवर, उकळत्याच्या जवळपासचं पाणी उघडं असतं. रांगतं पोर बादलीचा काठ धरून उभं राहायला शिकत असतं. म्हातारीचा तोल जातो. फेफरं येणाऱ्या माणसाला नेमकं तिथंच फेफरं येतं. उलटं केलं तर? आधी बादलीत गार पाणी, मग त्यात कढत. बादली कुठल्याही क्षणी लवंडली तरी अंगावर पडणारं पाणी शेवटच्या पाण्याहून जास्त तापलेलं असणार नाही. याला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही. हिवाळ्यात साठवणीचं पाणी साधारण वीस अंशांचं धरलं तर गार पाण्याचे तीन तांबे आणि उकळत्या पाण्याचा एक तांब्या, म्हणजे चाळीस अंश, अंघोळीपुरतं ऊन. तान्ह्या बाळाला त्याहून थोडं कमी, सदतीस-अडतीस. आमच्या आज्या बाळाचं पाणी कोपरानं बघायच्या ते योग्यच होतं, कारण भाकऱ्या थापून तळहाताला घट्टे पडतात आणि उष्णता कळेनाशी होते. कोपराची आणि मनगटाच्या आतली कातडी मऊ राहते.

पण ही युक्ती सांगून आपण थांबलो तर पुन्हा तेच झालं. आणखी एक काम, आणखी एक ध्यान, आणखी एक "तुला सांगितलं होतं ना". महिला मंडळात येऊन बायकांना काळजी कशी घ्यावी हे शिकवणारे पुष्कळ आहेत. दुकानदाराला, कारखानदाराला, नवऱ्याला शिकवायला कुणी येत नाही.

रॉडचंच उदाहरण घ्या. जवळ्याच्या बाजारात काय किंवा वसमतच्या, भांड्यांच्या आणि इलेक्ट्रिकच्या दुकानांत हिवाळा लागला की रॉड टांगलेले दिसतात. बहुतेक साध्या रॉडला उष्णता थांबवणारा पुर्जाच नसतो. वीज आहे तोवर तो तापवत राहतो. हिशेब साधा आहे. १५०० वॅटचा रॉड, १५ लिटरची बादली, २० अंशांचं पाणी. पाव तासात पाणी चाळीसच्या वर जातं, म्हणजे अंघोळीला तयार. अर्ध्या तासात ते साठीला टेकतं, म्हणजे पाच सेकंदांत भाजणारं. या दोहोंत फक्त पंधरा मिनिटं आहेत. त्या पंधरा मिनिटांत तिला दूध काढायचं असतं. बरं, घड्याळ लावून बसावं तर वीज मध्येच जाते आणि मध्येच येते, रॉड किती वेळ चालला हे कुणालाच ठाऊक नसतं. वर धातूच्या बादलीत रॉड सोडला आणि पाणी बघायला हात घातला तर शॉक. म्हणजे कोपरानं बघायची जी एक पद्धत तिच्याकडे होती, ती या वस्तूनं जीवघेणी करून टाकली. बटण बंद करून, पिन काढून, मगच हात घालायचा, हे पाकिटावर लिहिलेलं असलं तरी बारीक इंग्रजीत असतं. पाकीट दुकानातच राहतं.

याच भागात हळद शिजवायचे वाफेचे कुकर फिरतात. हळदीच्या हंगामात ते शेतावर आणले जातात. त्या कुकरला वाफेचा दाब दाखवणारा काटा असतो आणि दाब वाढला तर वाफ सोडून देणारा व्हॉल्व्ह असतो. का? कारण कुकर फुटला तर हळदीचं नुकसान होईल, माणूस मरेल, मालकावर केस होईल. "चालवणाऱ्याचं ध्यान असलं की झालं, काटा कशाला?" असं तिथं कुणी म्हणत नाही. माल शिजवायच्या पाण्याला मापक आहे, माणसं न्हाऊ घालायच्या पाण्याला नाही. (त्या कुकरभोवती राबणाऱ्या मजूर बायकांच्या हातापायांवर वाफेचे चट्टे असतात, तो विषय वेगळा आणि मोठा आहे, त्यावर स्वतंत्र लिहायला हवं.)

आता गिझर. गावातल्या नव्या बांधकामांत, लॉजवर, शिक्षकांच्या क्वार्टरमध्ये गिझर आले आहेत. २०१९ पासूनच्या जलजीवन मिशननं घरात नळ आणला की त्यामागून गिझर येतोच. इथं तरी थर्मोस्टॅट असतो. पण तो किती अंशांवर लावलेला असतो? बाजारातल्या पुष्कळ गिझरांचा खटका ६०, ७० किंवा त्याच्याही पुढं जातो, आणि बसवणारा कारागीर तो पूर्ण फिरवून जातो, कारण पाणी कमी तापलं अशी तक्रार आली तर त्याला परत यावं लागतं. काही गिझरांत खटका झाकणाच्या आत असतो, घरच्या माणसाला दिसतही नाही. खोक्यावर तारे असतात. ते तारे वीज किती वाचते ते सांगतात, कातडी किती वाचते ते सांगत नाहीत.

सगळ्या जगात हे असंच चालतं, असं कुणी म्हणेल तर ते खरं नाही. अमेरिकेत टबात बसून अंघोळ करायची पद्धत आहे. टबात लेकरू बसलेलं असताना तोटी फिरली तर त्याला पळून जायलाही जागा नसते. तिथं १९७८ साली सिएटलच्या डॉक्टरांनी नळाच्या पाण्यानं भाजलेल्या मुलांचा अभ्यास छापला. त्या वेळी तिथल्या घरांतलं नळाचं पाणी सरासरी ६१ अंशांचं होतं. तिथंही आधी आयांनाच उपदेश झाला. उपदेशानं फार काही हललं नाही. मग १९८३ मध्ये वॉशिंग्टन राज्यानं कायदा केला की नवीन गिझर बसवतानाच ४९ अंशांवर लावलेला असला पाहिजे. पाच वर्षांनी, १९८८ मध्ये, पाहणी केली तेव्हा सरासरी ६१ ची ५० झाली होती, आणि तिथल्या मुख्य रुग्णालयांत नळाच्या पाण्यानं भाजून दाखल होणाऱ्या मुलांची संख्या निम्म्याहून खाली आली होती. लोकांना खटका पुन्हा वर न्यायची मोकळीक होती, पण फार थोड्यांनी तो वर नेला. त्या पाच वर्षांत आया अचानक जास्त दक्ष झाल्या होत्या असं नाही. पाणी बदललं होतं. इंग्लंडमध्ये २०१० पासून नव्या घरांत टबाच्या तोटीतून ४८ अंशांहून जास्त तापलेलं पाणी येऊ नये असा बांधकामाचा नियम आहे. गरम आणि गार पाणी आतल्या आत मिसळून ठरलेल्या अंशालाच बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह तिथं बसवतात. विसण घालायचं काम तिथं पितळी पुर्ज्याला दिलं आहे.

आपण हे मागायला लागलो की काय उत्तरं येतील, ती ठाऊकच आहेत. पहिलं, "पन्नास अंशांचं पाणी म्हणजे थंड." अंघोळीचं पाणी चाळीसच्या आसपासचं असतं, पन्नासच्या पाण्यातही गार मिसळावंच लागतं. दुसरं उत्तर जरा शहाणं आहे: साठवलेलं पाणी कमी तापवलं तर त्यात फुप्फुसाचा आजार करणारे जंतू वाढतात, म्हणून ते साठ अंशांवर ठेवावं. हे खरं आहे. रुग्णालयं, वसतिगृहं, मोठी लॉज, जिथं मोठ्या टाक्यांत पाणी साठून राहतं, तिथं टाकी साठवरच ठेवायला हवी. पण तोटीशी मिसळणारा व्हॉल्व्ह बसवायलाच हवा, दोन्ही एकदम होतं. औंढ्याला यात्रेकरू येतात, परक्या गावच्या परक्या न्हाणीत म्हातारी आई तोटी फिरवते, तिला ती तोटी काय सोडणार आहे हे कसं कळावं? आणि आश्रमशाळांच्या, मुलींच्या वसतिगृहांच्या छतांवर बसवलेले सौर हीटर? त्यांतलं पाणी उन्हाप्रमाणे तापतं, कधी चाळीस, कधी सत्तर. दहा-बारा वर्षांची मुलगी पहाटे अंधारात बादली लावते.

तिसरं उत्तर कायद्याच्या भाषेत येईल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, तो जुलै २०२० पासून लागू झाला. वस्तूच्या वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारे दिले नाहीत म्हणून इजा झाली तर उत्पादकाला जबाबदार धरता येतं, असं त्यात म्हटलं आहे. चांगलं आहे. पण त्याच कायद्यात पळवाटही आहे: जो धोका उघड आहे, सगळ्यांना ठाऊक आहे, त्याचा इशारा दिला नाही म्हणून उत्पादक दोषी ठरत नाही. कंपनीचा वकील उभा राहून म्हणेल, गरम पाण्यानं भाजतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्याला आपलं उत्तर तयार हवं. गरम पाण्यानं भाजतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पन्नासला पाच मिनिटं आणि साठला पाच सेकंद, हे किती जणांना ठाऊक आहे? वकिलाला तरी ठाऊक होतं का?

बाळंतिणीबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण तिथं कढत पाणी औषध म्हणून वापरलं जातं. सव्वा महिना तिला सोसेल त्यापेक्षा जास्त कढत पाणी अंगावर घ्यायला लावतात, पाठीवर, पोटावर, टाक्यांवर. "आमी नाय का घेतलं?" या वाक्यापुढं कुणाचं चालत नाही. शेक वेगळा आणि भाजणं वेगळं. ती "पुरे" म्हणाली की पुरे, एवढा अधिकार तरी तिच्या कातडीवर तिचा असावा. पहिल्या बेचाळीस दिवसांत आशाताई घरी येते. तिच्या पिशवीत बाळाचा ताप बघायचा थर्मामीटर असतो, पण तो तापापुरताच, पाण्याचा अंश मोजायला तो चालत नाही. पाण्यात घालायचा साधा थर्मामीटर फार महागाची वस्तू नाही. आशाच्या पिशवीत आणि अंगणवाडीत तो असावा, ही मागणी पंचायतीच्या बैठकीत मांडायला काय हरकत आहे?

आता जी गोष्ट आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना सांगायची गरज नाही, पण नव्या मुलींना सांगायला हवी. जळीत म्हटलं की चळवळीला रॉकेल आठवतं. "स्टोव्हचा भडका उडाला" हे वाक्य आपण इतक्या पंचनाम्यांत वाचलं की त्या वाक्याचाच संशय घ्यायला शिकलो. १९८३ मध्ये ४९८ अ आलं, १९८६ मध्ये ३०४ ब आलं, त्यामागे तो संशय होता. आज रॉकेल रेशनवरून जवळजवळ गेलं, स्टोव्ह माळ्यावर गेला. पण कढत पाणी प्रत्येक घरात, प्रत्येक सकाळी, कुणाला विचारावं न लागता तयार असतं. "अंगावर पाणी सांडलं" हे वाक्यही तपासायला शिका. हंडा उतरवताना पाणी सांडलं तर ते बहुधा पुढच्या अंगावर, हातांवर, पोटावर, पायांवर पडतं. पाठीवर आणि मानेवर ओघळ कसे आले? लेकराच्या दोन्ही पायांवर मोजे घातल्यासारखी सरळ रेष का आहे, शिंतोडे का नाहीत? अशा खुणांवरून निकाल लावणं आपलं काम नाही, डॉक्टरचं आणि कोर्टाचं आहे. पण प्रश्न विचारणं आपलं काम आहे. हे प्रश्न आईवर आरोप करायला नव्हेत, "ध्यान कुठं होतं"च्या गलक्यात जे बुडून जातं ते वर आणायला. आग किंवा तापलेल्या पदार्थानं जाणूनबुजून इजा करणं हा वेगळा, गंभीर गुन्हा आहे. जुन्या दंडविधानात तो ३२४ आणि ३२६ खाली होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८ मध्ये आहे. इजा गंभीर असेल तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. कढत पाणी हा तापलेला पदार्थच आहे. ठाण्यावर किरकोळ मारहाण म्हणून नोंद होत असेल तर हा आकडा पाठ असलेली बाई सोबत असली पाहिजे. नवऱ्याच्या आणि सासरच्यांच्या छळाचं कलम आता ८५ आहे, तेही सोबत.

भाजल्यावर काय करायचं ते इथंच सांगून टाकते, कारण हळदीच्या मुलखात हळद लावायचा मोह दांडगा. हळद नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही, तूप नाही, बर्फही नाही. साधं गार पाणी, सलग वीस मिनिटं. नळाला पाणी नसेल तर रांजणातून तांब्यामागून तांब्या ओतत राहा. वीस मिनिटं फार वाटतात, पण ती पुरी करा. तोवर बांगड्या, वाळे, करदोटा काढून टाका, कारण नंतर सूज येते आणि ते रुततात. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढू नका. मग स्वच्छ धुतलेलं फडकं सैल झाकून दवाखाना. तान्हं असेल, तोंड-हात-लघवीची जागा भाजली असेल, तर डाग छोटा दिसला तरी थांबू नका.

आणि पुरुषांनी काय करायचं? हा प्रश्न बैठकीत विचारला की हशा पिकतो. पण तो गंभीरपणे विचारलेला आहे. आपापलं पाणी आपण काढावं. सासऱ्यानं, नवऱ्यानं, दहावीतल्या पोरानं. रॉड लावला तर तिथं बसून राहावं, पंधरा मिनिटांनी बंद करावा. हे एकदा सुरू झालं की रॉडला थर्मोस्टॅट हवा ही मागणी पंचायतीत आपोआप उठेल. पुरुषाच्या सकाळची पंधरा मिनिटं मोडली की वस्तू सुधारते, हा अनुभव मिक्सरपासून पाण्याच्या मोटारीपर्यंत सगळीकडे आहे.

आपल्या मागण्या फार नाहीत. घरगुती गिझर कारखान्यातून निघतानाच पन्नासच्या आत लावलेला असावा, आणि त्याहून वर न्यायचा तर झाकण उघडावं लागावं. थर्मोस्टॅट नसलेल्या रॉडला भारतीय मानक ब्युरोनं शिक्काच देऊ नये. खोक्यावर आणि वस्तूवर सूचना मराठीत, चित्रासह, मोठ्या अक्षरात असाव्यात, त्यात अंश आणि सेकंद लिहिलेले असावेत. वसतिगृहांत, आश्रमशाळांत, प्रसूतिगृहांत मिसळणारा व्हॉल्व्ह सक्तीचा असावा. ब्युरोकडे आपण पत्रं लिहू, गटागटानं लिहू, एकाच मजकुराची शंभर पत्रं टेबलावर पडली की फाइल हलते हे रेशनच्या लढाईत पाहिलेलं आहे.

पण त्याच्याही आधी, आणि हे उद्याच करता येईल: आपापल्या गावच्या दवाखान्यात जा आणि भाजल्याच्या केसपेपरवर कारणाच्या रकान्यात काय लिहितात ते विचारा. "कढत पाणी" एवढंच लिहितात. त्यापुढं आणखी चार गोष्टी लिहायला लावा. पाणी कशावर तापवलं होतं, चूल, रॉड, गिझर की सौर. भांडं कुठं होतं. अंघोळीचं पाणी कुणासाठी काढलं होतं. आणि ते काढत असताना घरात आणखी कोण कोण मोठी माणसं होती.